तंजावरचें सिंहासन व कावेरीकांठचें भात

(एका खेड्यांतील वाचनालयाच्या सभेंत तेथील मराठी शाळेच्या शिक्षकांनीं दिलेलें व्याख्यान.)



आजचा विषय तंजावरच्या राजधानीचा आहे. विषय जाहीर झाल्यावर पुष्कळांनीं मला हटकलें कीं, मास्तर, इतक्या लांबच्या गांवाचें आम्हांस काय सांगतां ? त्यांस माझें उत्तर असें कीं, तंजावर लांब खरें, पण परकें नव्हे. शिवाजीमहाराजांचे सावत्र बंधु व्यंकोजीराजे यांच्या घराण्यानें तेथें सुमारें एकशें ऐंशी वर्षें गादी चालविली. हें नांव आपण अभिमानानें घेतों, आणि घ्यावें. परंतु अभिमान धरतांना एक प्रश्न विचारण्याची आपल्याला संवय लागलेली नाहीं. राज्य भोसल्यांचें होतें, त्यांच्या आधीं नायकांचें होतें, त्यांच्याही आधीं चोळांचें होतें. मग त्या राज्यांत भात कोणाचें होतें? मी राजांचीं नांवें सांगणारच आहें, पण प्रत्येकाच्या दाराशीं उभा राहून हा एकच प्रश्न विचारणार आहें.

आधीं जमीन व पाणी पाहूं. कारण राजधानी कांहीं हवेंत उभी राहत नाहीं. कावेरी कोडगूच्या डोंगरांत तलकावेरीस उगवते, म्हैसूरच्या मुलुखांतून तामीळ देशांत उतरते, आणि तिरुचिरापल्लीजवळ तिला फांटे फुटतात. उत्तरेकडच्या फांट्यास कोळ्ळिडम् म्हणतात, दक्षिणेकडचा फांटा कावेरी हेंच नांव ठेवून पुढें जातो. तेथून समुद्रापर्यंत तळहातासारखी सपाट जमीन, आणि तळहातावरच्या रेषांसारखे पाट. या फांट्यांच्या तोंडाशीं कल्लणै नांवाचा फार जुना दगडी बांध आहे. करिकाल चोळानें तो घातला अशी परंपरा सांगते. त्या बांधानें कावेरीचें पाणी उत्तरेस वाहून न जातां शेतांकडे वळतें. पुढें १८३६ सालीं इंग्रजांच्या आर्थर कॉटन या इंजिनियरानें कोळ्ळिडम्‌वर वरच्या अंगाला दुसरा बांध घातला, आणि १९३४ सालीं मेट्टूरचें मोठें धरण झालें. तेव्हां आपले वाडवडील मोटेच्या मागें बैल हाकून वीतभर वाफा भिजवीत होते, आणि तिकडे पाणी आपण होऊन बांधापाशीं येत होतें. कुरुवै आणि सांबा हीं तिकडील भाताचीं दोन मोठीं पिकें.

पण पाणी आपण होऊन येतें हेंही अर्धेंच खरें. दरसाल उन्हाळ्यांत पाटांतला गाळ उपसावा लागतो, फुटलेले बांध धरावे लागतात. हें काम गांवानें अंगमेहनतीनें करावयाचें, अशी तिकडे चाल होती. तिला कुडिमरामत्तु म्हणतात. कुडि म्हणजे रयत, आणि मरामत्तु म्हणजे आपलीच मरामत. तेव्हां राजधानीचा पहिला पाया कोणता, असें कोणीं विचारलें तर किल्ला दाखवूं नका, फावडें दाखवा.

आतां राजे. इ. स. ८५० च्या सुमारास विजयालय नांवाच्या चोळानें मुत्तरैयर घराण्याकडून तंजावर घेतलें. त्याच्या वंशांत ९८५ सालीं राजराज गादीवर आला व १०१४ पर्यंत राहिला. त्यानें सिंहलद्वीपाचा उत्तर भाग जिंकला, आरमार पाठवून मालदीव बेटें घेतलीं, आणि १०१० सालीं तंजावरास बृहदीश्वराचें देऊळ पुरें केलें. शिखर सुमारें दोनशें फूट उंच, सगळें दगडी, आणि ज्या गाळाच्या प्रदेशांत तें उभें आहे तेथें तसा खडक जवळपास नाहीं. १९८७ सालीं जगाच्या वारशाच्या यादींत तें घातलें गेलें. आज देशोदेशींचे लोक मान उंच करून तें शिखर पाहतात. मी तुम्हांला मान खालीं घालून त्याच्या पायथ्याच्या भिंती पाहण्यास सांगतों. कारण राजराजानें आपला हिशेब त्या भिंतींवर कोरून ठेवला आहे. कोणत्या गांवानें देवास किती भात घालावयाचें, कोणीं कोणता दागिना दिला, त्याचें वजन किती, कोणत्या नोकरास काय मुशाहिरा, सर्व कांहीं. आपल्या कुलकर्ण्याच्या दप्तराची दगडांतली आवृत्ति म्हणा ना.

त्या हिशेबांत आपले लोक सांपडतात. कुंभार, परीट, न्हावी, शिंपी, कासार, सुतार, सोनार यांच्या नेमणुका तेथें लिहिल्या आहेत. देऊळ बांधणार्‍या मुख्य कारागिराचें नांवही दगडावर आहे : कुंजरमल्लन् राजराज पेरुंतच्चन्. पेरुं म्हणजे थोर, आणि तच्चन् म्हणजे सुतार-स्थपति. राजानें त्याला स्वतःचें नांव पदवी म्हणून दिलें. राजराजाच्या पदरीं अशी गुणज्ञता होती, हें मोकळ्या मनानें कबूल केलें पाहिजे. आपल्याकडे किती तरी देवळें बांधलीं गेलीं. बांधविणार्‍याचें नांव कळसापर्यंत पोहोंचलें, आणि छिन्नी धरणार्‍याचें नांव कोणाच्याच तोंडीं राहिलें नाहीं.

परंतु त्याच भिंतीवर आणखीही कांहीं आहे. देवापुढें एक नंदादीप अखंड जळावा म्हणून एका मेंढपाळाकडे ९६ मेंढ्या लावून देत. मेंढ्या नसल्या तर ४८ गाई, नाहीं तर १६ म्हशी. त्यानें रोज ठरलेल्या मापानें तूप घालावयाचें. तामीळ लेखांतून अशा मेंढ्यांना एक विशेषण लावलेलें असतें, त्याचा अर्थ न मरणार्‍या, न म्हातार्‍या होणार्‍या. आतां मेंढरें न मरण्याचा चमत्कार कोठें होतो हें माझ्या धनगर बंधूंना विचारा ! अर्थ सरळ आहे. मेंढी मेली तरी हिशेबांत मरत नाहीं. कळप पुरा ठेवण्याचा भार मेंढपाळाच्या डोक्यावर, आणि त्याच्या मागून त्याच्या मुलाच्या. सावकाराचें व्याज आपल्याकडेही असेंच अमर असतें.

तसेंच, निरनिराळ्या गांवच्या देवळांतून ४०० स्त्रिया आणून राजराजानें या देवळाच्या सेवेस लावल्या. प्रत्येकीचें नांव, तिची गल्ली, तिचें घर, आणि वर्षाकाठीं मिळावयाचें १०० कलम भात, हें सर्व कोरलेलें आहे. त्यांचा नाच व गाणें ही मोठी विद्या होती यांत शंका नाहीं. पण त्यांतून पुढें मुली देवास वाहण्याचा जो धंदा माजला तो आपणांस मुरळ्या व जोगतिणींच्या रूपानें माहीत आहे. तो बंद करण्यासाठीं त्याच कावेरीकांठच्या मूवलूर रामामिर्तम् या बाई जन्मभर झगडल्या, मुत्तुलक्ष्मी रेड्डी या डॉक्टरीणबाई कायदेमंडळांत झगडल्या, आणि मद्रास इलाख्यांत कायदा झाला तो १९४७ सालीं.

आणि एक ओळ मुद्दाम ध्यानांत ठेवा. गांवचा सारा ठरवितांना कोणती जागा वगळावयाची याची यादी दिलेली आहे : गांवठाण, तळीं, पाट, स्मशान, कारागिरांची आळी, आणि परैच्चेरी म्हणजे परैयर लोकांची वेगळी वस्ती. हजार वर्षांपूर्वीं त्या वस्तीवर सारा माफ होता असें वाचून कोणी खूष होईल. मला मात्र एवढेंच दिसतें कीं हजार वर्षांपूर्वींही ती वस्ती वेगळीच होती.

राजराजाचा मुलगा राजेंद्र यानें गंगेपर्यंत फौज पाठविली आणि १०२५ च्या सुमारास गंगैकोंडचोळपुरम् नांवाची नवी राजधानी वसविली. तंजावरचें राजेपण तेथें गेलें. देऊळ, भात आणि भात पिकविणारे जागच्या जागीं राहिले. पुढें चोळांचा पडता काळ आला. त्या काळचा, १२०१ सालचा, तिरुप्पांपुरम् गांवचा एक लेख आहे. दुष्काळ पडला, भात अतोनात महागलें, तेव्हां एका वेळ्ळाळानें स्वतःस व आपल्या दोन मुलींस ११० कासूंना देवळास विकलें. वेळ्ळाळ म्हणजे आपल्याकडच्या कुणब्यासारखी जमीन कसणारी जात. जगांतल्या सुपीकांत सुपीक जमिनीवर, पाण्याच्या पाटाशेजारीं, शेतकरी उपाशी मरतो आणि देवळाच्या कोठारांत विकत घेण्याइतका पैसा असतो. यापुढें मी कांहीं बोलत नाहीं.

तेराव्या शतकाच्या आरंभीं मदुरेच्या पांड्य राजानें तंजावर जाळलें. १२७९ च्या सुमारास चोळ संपले. मग पांड्य, मग दिल्लीच्या मलिक काफूरची स्वारी, मदुरेचे सुलतान, आणि चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धांत विजयनगर. हीं नांवें मी भरभर घेतों, कारण सार्‍याची पावती कोणाच्या शिक्क्याची एवढाच फरक रयतेला होता. परंतु विजयनगरच्या अमलांतली एक गोष्ट भरभर घेण्यासारखी नाहीं. शाळेच्या पुस्तकांत ती मला कधीं भेटली नाहीं.

तामीळ देशांत कष्टकरी व धंदेवाईक जातींचे दोन तट असत. एकास वलंगै म्हणजे उजवा हात, दुसर्‍यास इडंगै म्हणजे डावा हात. प्रत्येकांत ९८ जाती, अशी मोजदाद. या दोन हातांचें हाडवैर. कोणाची मिरवणूक कोणत्या रस्त्यानें जावी एवढ्यावरून पुढें इंग्रजांच्या मद्रासेंतही दंगे झाले. पण १४२९ सालीं कावेरीच्या खालच्या खोर्‍यांत हे दोन्ही हात एकत्र आले. तंजावर प्रांतांतल्या कोरुक्कै वगैरे गांवच्या देवळांवर त्यांनीं आपला ठराव कोरून ठेवला आहे. त्याचा मतलब असा : पिकाच्या मानानें सारा न घेतां अंमलदार व जमीनदार आमच्यावर अन्यायाचे कर बसवितात. आम्हीं गांवें सोडून जाण्याच्या बेतांत होतों. मग आमच्या ध्यानीं आलें कीं आपण सगळे एक नव्हतों म्हणून हें झालें. तेव्हां यापुढें कोणत्या पिकास किती व कोणत्या धंद्यास किती देऊं हें आम्ही ठरवितों, तेवढेंच देऊं. आमच्यांतल्या कोणींही अंमलदारांचे, किंवा ब्राह्मण व वेळ्ळाळ जमीनदारांचे, हिशेब लिहूं नयेत, त्यांना सामील होऊं नये; जो फितूर होईल त्यास कडक शासन.

बंधूंनो, हें पांचशें नव्वदांहून अधिक वर्षांपूर्वींचें आहे. त्या काळीं ना छापखाना, ना पुढारी, ना टोपीवाल्या वकिलांचा सल्ला. त्यांनीं तलवार उपसली नाहीं, लेखणी अडविली. लेखणी अडली म्हणजे सत्ता कशी लंगडी होते हें त्यांना कळलें होतें. आणि जमीनदारांत त्यांनीं ब्राह्मणाबरोबर वेळ्ळाळाचेंही नांव घातलें, हें विसरूं नका. दोनशें वर्षांपूर्वीं भुकेपायीं स्वतःस विकणारा वेळ्ळाळच होता. येथें जमीन बळकावून बसलेलाही वेळ्ळाळच आहे. जात एक, पण एकाच्या हातीं नांगर आणि दुसर्‍याच्या हातीं खळ्यावरचें माप.

१५३२ सालीं विजयनगरच्या हाताखालीं शेवप्पा नायक तंजावरचा कारभारी झाला आणि नायकांचें घराणें सुरू झालें. हे तेलगू सरदार. रघुनाथ नायक विद्वान, वीणा वाजविणारा. त्यानें १६२० सालीं डेन लोकांना तरंगंबाडीस व्यापाराची परवानगी दिली. त्याचा मुलगा विजयराघव याच्या ब्राह्मणभोजनाची कीर्ति एवढी कीं तिच्यावर दरबारीं नाटक रचलें गेलें. भात कोणाचें, हा आपला प्रश्न त्या नाटकांत कोणीं विचारला नसावा. १६७३ सालीं मदुरेच्या चोक्कनाथ नायकानें स्वारी केली, विजयराघव लढतां लढतां पडला आणि वाड्यांतला जनाना सुरुंगाच्या दारूनें उडवून देण्यांत आला.

आतां आपले मराठे. विजयराघवाच्या वंशांतला एक लहान मुलगा वांचला होता. त्याला गादीवर बसविण्यासाठीं त्याच्या पक्षाच्या लोकांनीं विजापूरच्या आदिलशहाकडे मदत मागितली. शहानें शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी यांस पाठविलें. व्यंकोजीनें तंजावर घेतलें, त्या मुलास गादीवर बसविलें, आणि थोड्याच दिवसांत, १६७५ च्या सुमारास, स्वतःच गादीवर बसला. घर वांचवावयास आलेला घरमालक झाला. मराठा म्हणून मला हें झांकून ठेवतां येईल. पण मग पेंढार्‍यांची व कंपनीची लबाडी कोणत्या तोंडानें सांगूं?

१६७७ सालीं शिवाजीमहाराज कर्नाटकच्या स्वारींत कोळ्ळिडम्‌च्या कांठीं तिरुमळवाडीस आले व भावास भेटीस बोलाविलें. वडिलार्जित दौलतीचा अर्धा वांटा मागितला. बोलणें जमेना, तेव्हां व्यंकोजी एका रात्रीं नदी उतरून निघून गेला. महाराज परत फिरल्यावर त्यानें महाराजांच्या मागें राहिलेल्या फौजेशीं लढाई केली व हार खाल्ली. शेवटीं दीपाबाई या त्याच्या शहाण्या राणीच्या आग्रहानें व रघुनाथपंत हणमंते यांच्या मध्यस्थीनें तह झाला. भाऊबंदकी आपल्या बांधावरच होते असें समजूं नका.

व्यंकोजीचा मुलगा शहाजी १६८४ पासून १७१२ पर्यंत राजा होता. हा मोठा रसिक. त्याच्या नांवावर तेलगू भाषेंत एक नाटक आहे. त्यांत एक ब्राह्मण पंडित एका अस्पृश्याच्या बायकोवर लुब्ध होतो आणि आपलें सारें शास्त्र गुंडाळून ठेवतो. राजवाड्यांत असें नाटक चालत असे, ही ऐकण्यासारखी गोष्ट आहे. पण त्याच राजानें १६९३ सालीं तिरुविशनल्लूर गांव चाळीसांहून अधिक पंडितांना इनाम वांटून दिलें. नाटकांत टवाळी, आणि सनदेंत जमीन ! टवाळी हंसून विसरली जाते. सनद पिढ्यान्‌पिढ्या खातात. कारभार मराठींत, मोडी लिपींत चाले. तो शिकलेलीं दक्षिणी ब्राह्मण घराणीं इतकीं पक्कीं बसलीं कीं राज्य गेल्यावरही इंग्रजी कचेर्‍यांत आणि इतर संस्थानांत त्यांचे दिवाण झाले. त्रावणकोर, इंदूर व बडोद्याचे दिवाण सर टी. माधवराव हे १८२८ सालीं कुंभकोणम्‌सच जन्मलेले. त्यांच्या हुशारीस माझा नमस्कार. परंतु ज्या मराठा शिपायांच्या बळावर गादी मिळाली, त्यांच्या मुलांना लेखणी कोणीं दिली नाहीं.

१७३६ पासून तीन वर्षांत गादीवर तीन माणसें आलीं व गेलीं, आणि १७३९ सालीं प्रतापसिंह बसला. येथें कंपनीचें पाऊल पडतें. पदच्युत राजास मदत करतों म्हणून इंग्रजांनीं १७४९ सालीं तंजावरावर फौज आणली. देवीकोट्टै किल्ला हातीं आला; तोच प्रतापसिंहानें किल्ला कायमचा देऊं केला, आणि इंग्रजांनीं ज्याच्यासाठीं आलों म्हणत होते त्याला पेन्शन बांधून बाजूस केलें. व्यंकोजीनें जें केलें तेंच, फक्त पगडीऐवजीं टोपी.

पुढची गोष्ट कर्जाची आहे, म्हणून ती तुम्हांला लवकर कळेल. अर्काटचा नबाब महंमदअल्ली हा कंपनीच्या नोकरांचा कर्जबाजारी. कर्ज फेडावयाचें तर तंजावरचें भात हातीं पाहिजे. १७७३ सालीं कंपनीच्या फौजेनें तंजावर घेऊन नबाबास दिलें; तुळजाजीराजा कैदेंत. तीन वर्षें नबाबानें मुलूख पिळला. १७७६ सालीं मद्रासचा गव्हर्नर लॉर्ड पिगट यानें कंपनीच्या हुकुमानें राजास गादी परत दिली, तेव्हां पॉल बेनफील्ड नांवाचा कंपनीचा एक नोकर पुढें आला आणि म्हणाला, तंजावरच्या उभ्या पिकावर माझें कर्ज आहे ! पीक शेतांत, शेतकरी चिखलांत, आणि त्याच्यावर बोजा मद्रासेंत बसलेल्या सावकाराचा. पिगट आड आला, तर त्याच्याच कौन्सिलानें गव्हर्नरास कैद केलें, आणि तो कैदेंतच १७७७ सालीं मेला. विलायतेंत एडमंड बर्क यानें १७८५ सालीं या कर्जाच्या लबाडीवर पार्लमेंटांत मोठें भाषण केलें. भाषण फार गाजलें. रयतेच्या घरीं त्याचें एक माप भातही आलें नाहीं.

मध्यें १७८१ सालीं हैदरअल्लीची धाड आली. किल्ला तेवढा राहिला. गांवें जळालीं, गुरें हांकून नेलीं, दुष्काळ पडला. त्यावर राजाच्या अंमलदारांचा जुलूम. रयत गांवें टाकून निघून गेली. राजानें वचनें दिलीं, कोणी परतेना. शेवटीं श्वार्ट्झ नांवाच्या जर्मन पाद्र्यानें जामीन राहून सांगितलें, तेव्हां एका दिवसांत सुमारें सात हजार माणसें परत आलीं असें त्याच्या पत्रांत आहे. हा पाद्री धर्मप्रसारासाठीं आला होता, हें खरें. पण ज्या राजाच्या शब्दावर स्वतःची रयत विश्वासत नाहीं, त्याचें राज्य कागदावर कितीही वर्षें चालो, तें तेव्हांच संपलें असें मी समजतों.

तुळजाजीनें मरतांना सरफोजी नांवाचा मुलगा दत्तक घेतला. तुळजाजीचा भाऊ अमरसिंग यास गादी पाहिजे होती. दत्तक शास्त्रशुद्ध आहे काय, म्हणून कंपनीनें पंडितांस विचारलें. पंडित म्हणाले, अशुद्ध. अमरसिंग राजा झाला. कांहीं वर्षांनीं कंपनीचें मत फिरलें, पुन्हां पंडितांस विचारलें. आतां निघालें, शुद्ध ! सरफोजी १७९८ सालीं राजा झाला. मुलगा तोच, दत्तकविधि तोच, शास्त्रही तेंच. काय बदललें हें सांगण्याची गरज नाहीं. या मेहेरबानीची किंमत २५ आक्टोबर १७९९ च्या तहांत वसूल झाली : सारें राज्य कंपनीस, आणि राजास तंजावरचा किल्ला, सालीना एक लाख पागोडा व वसुलाचा पांचवा हिस्सा.

सरफोजीबद्दल मात्र मी हात आखडून बोलणार नाहीं. सत्ता गेलेल्या राजांनीं पुष्कळ ठिकाणीं नाच, शिकार व अफू यांत दिवस काढले. यानें ग्रंथ जमविले. सरस्वती महालाचा ग्रंथसंग्रह आज जगांत नांवाजलेला आहे, आणि १९१८ पासून तो सर्वांस खुला आहे. त्यानें नागरी टाइपांचा छापखाना घातला आणि १८०६ सालीं इसापाच्या गोष्टी ‘बालबोध मुक्तावली’ या नांवानें मराठींत छापल्या. मुंबई-पुण्यास मराठी पुस्तकें छापून निघूं लागलीं नव्हतीं, तेव्हां मराठी मुलांसाठीं गोष्टींचें पुस्तक तंजावरास निघालें ! धर्मशाळांतून वाटसरूंना अन्न, आजार्‍यांना औषध, आणि शाळा चालविल्या. स्वतः डोळ्यांच्या रोग्यांच्या नोंदी चित्रांसह ठेवविल्या. एका शाळामास्तराला यापरतें काय पाहिजे ? तरी आपला प्रश्न सोडतां येत नाहीं. तो पांचवा हिस्सा ज्या वसुलांतून येई, तो वसूल आतां कंपनीचा कलेक्टर करी. राजाच्या हातीं पुस्तक होतें. शेतावर त्याचा हात चालत नव्हता. १८०३ सालीं त्यानें बृहदीश्वराच्या आवारांतील भिंतीवर भोसले घराण्याची बखर मराठींत कोरविली. फार मोठा लेख आहे. वंश, लढाया, दानें, सगळें आहे. राजराजाच्या लेखांत कुंभार-परीट तरी होते.

सरफोजीचा मुलगा शिवाजी १८५५ सालीं औरस पुत्रावांचून वारला. कंपनीनें राजपद खालसा केलें, आणि १८५६ सालीं फोर्ब्स नांवाच्या अधिकार्‍यानें शिपाई आणून वाडा, जवाहीर, राण्यांची खाजगी मालमत्ता सगळ्यांवर सील ठोकलें. थोरली राणी कामाक्षीबाई डगमगली नाहीं. तिनें मद्रासच्या सुप्रीम कोर्टांत फिर्याद केली आणि ती जिंकली. कंपनी विलायतेस प्रिव्ही कौन्सिलांत गेली. १८५९ सालीं निकाल झाला : हें सरकारनें सरकार या नात्यानें केलेलें कृत्य आहे, तें न्याय असो वा अन्याय, कोर्टास त्यांत हात घालतां येत नाहीं. पुढें कांहीं मालमत्ता मेहेरबानी म्हणून परत मिळाली. हक्काची वस्तु मेहेरबानी म्हणून घ्यावी लागणें म्हणजे काय, हें त्या दिवशीं राणीला कळलें. पाटाशेजारच्या झोंपडींत तें पिढ्यान्‌पिढ्या माहीत होतें.

कारण त्या झोंपडींत कांहींच बदललें नव्हतें. जमिनीचे मालक मिरासदार. त्यांत ब्राह्मण होते, वेळ्ळाळ होते, देवळें व मठही होते. खळ्यावर राशीचे दोन वांटे : मेलवारम् म्हणजे वरचा वांटा सरकारचा, कुडिवारम् म्हणजे रयतेचा. या दुसर्‍या वांट्याचा धनीही बहुधा मिरासदारच. चिखलांत उतरणारे पळ्ळर व परैयर पन्नैयाळ म्हणून बांधलेले, आपल्याकडच्या सालदारासारखे. पण आपला सालदार पाडव्याला दुसरा मालक धरूं शके, त्यांना तेंही नाहीं. १८४३ च्या कायद्यानें गुलामगिरी बंद झाली, पण ती कागदावर. चाबकाचे फटके व शेणाचें पाणी पाजणें या शिक्षा विसाव्या शतकांतही चालू होत्या. १९४० नंतर या मजुरांचे संघ उभे राहिले तेव्हां कोठें त्या थांबूं लागल्या. १९५२ सालीं तंजावर जिल्ह्यापुरता कुळांचा व पन्नैयाळांचा संरक्षण कायदा झाला, आणि कुळास पिकाचा दोनपंचमांश वांटा ठरला. विजयालयापासून अकराशें वर्षांनीं कसणार्‍याचा वांटा प्रथमच सरकारी कायद्यांत आला, आणि तोही अर्ध्याहून कमी.

त्यानंतर सोळा वर्षांनीं, २५ डिसेंबर १९६८ च्या रात्रीं, त्या वेळच्या तंजावर जिल्ह्यांतल्या कीळवेण्मणि गांवीं, मजुरी वाढवून मागणार्‍या शेतमजुरांच्या वस्तीवर हल्ला झाला. जीव वांचविण्यासाठीं एका झोंपडींत शिरलेलीं ४४ माणसें जाळलीं गेलीं. बहुतेक बायका व मुलें. सगळीं दलित वस्तीचीं. पुढें वरच्या कोर्टांत जमीनदार सुटले.

तुमच्यापैकीं कोणी रामेश्वरास जातांना तंजावरास उतराल. देऊळ पाहा, सरस्वती महाल पाहा, कारण तीं पाहण्यासारखींच आहेत. भोसल्यांचा लेख नागरींत आहे, थोडा वेळ काढलात तर तो तुम्हांला स्वतःला वाचतां येईल. राजराजाचे लेख जुन्या तामिळांत आहेत; मेंढपाळांचीं नांवें कोणत्या भिंतीवर आहेत तें तेथल्या एखाद्या माहीतगारास विचारा. आणि सवड असेल तर नागपट्टणम्‌कडे जाणारी मोटार धरून कीळवेण्मणीस जा. तेथेंही नांवें लिहिलीं आहेत.